झे. बदली, गो. शिवलकर

जुन्या मराठी वर्तमानपत्रांत रणजी सामन्याचा धावफलक सविस्तर छापून यायचा. त्यात मधूनच एखादी ओळ दिसायची: ‘झे. बदली, गो. शिवलकर’. फलंदाजाचं नाव आहे, गोलंदाजाचं आहे, धावा आहेत. झेल ज्याने घेतला तो मात्र नुसता ‘बदली’. नियमही तसाच आहे. बदली क्षेत्ररक्षक अकरांत नसतो, त्यामुळे त्याच्या खात्यावर सामना चढत नाही आणि झेलही चढत नाही. शॉर्ट लेगला जमिनीपासून चार बोटांवर पकडलेला असला तरी हिशेबात तो झेल कुणाचाच नाही.

मी गोदीत टॅली क्लार्क होतो आणि पावसाळ्यातल्या रविवारी कांगा लीगमध्ये आमच्या क्लबचा स्कोअरर. गोदीत एक गोणी कमी भरली तर साहेब जीव खायचा. मैदानात एक माणूस कमी लिहिला गेला तर कुणी हूं की चूं करत नसे. म्हणून मी बदलीचं नाव कंसात लिहायला लागलो. एका अंपायरांनी हटकलं, “अहो, कशाला? ते धरत नाहीत.” म्हटलं, “नका धरू. राहू दे तिथे.” हल्ली संकेतस्थळांवरच्या धावफलकात बदलीचं नाव कंसात येऊ लागलंय, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. १९८३ साली अहमदाबादला वेस्ट इंडिजविरुद्ध बदली म्हणून चार झेल घेणारा गुरशरण सिंग निदान त्या विक्रमापुरता तरी लक्षात राहिला. हाच गुरशरण १९८९ च्या इराणी करंडकात, वानखेडेवर, मोडलेल्या हाताने फलंदाजीला आला आणि सचिनचं शतक होईपर्यंत दुसऱ्या टोकाला उभा राहिला. स्वतः एकच कसोटी खेळला.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे वानखेडे. १६ मे २०२५ ला तिथे शरद पवार, अजित वाडेकर आणि रोहित शर्मा यांची नावं स्टँडना दिली. वाडेकरांचं नाव लागायला २०२५ उजाडावं लागलं, एवढीच माझी तक्रार. बाकी आनंद आहे. पण मुंबईचं क्रिकेट म्हणजे नुसतं स्टँडवर मावेल तेवढंच, असं जर कुणाला वाटत असेल तर त्याला मी शिवडी नाक्यावर आमच्या कट्ट्यावर बोलावतो.

कट्ट्यावर आमचा एक खेळ चालतो. मुंबईकडून खेळून गेलेल्या, पण कुणाला न आठवणाऱ्या माणसाचं नाव घ्यायचं. गावसकर, वेंगसरकर, तेंडुलकर म्हणाल तर चहाचे पैसे तुम्ही द्यायचे. पाचपन्नास सामने खेळलेला चालत नाही. जितका थोडा खेळला, तितका भाव जास्त. आमच्यात एक निवृत्त बेस्ट कंडक्टर आहे, तो या खेळात कुणाला ऐकत नाही. त्याच्यावर मी एकदाच बाजी मारली, ती चार्ली स्टेयर्स या नावावर.

स्टेयर्सची गोष्ट सांगायलाच हवी. १९६२ मध्ये आपला संघ वेस्ट इंडिजला गेला आणि ५-० असा धुऊन निघाला. बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला. कवटी फुटली, शस्त्रक्रिया झाली, माणूस वाचला, पण पुन्हा कसोटी खेळला नाही. बोर्डाच्या लक्षात आलं की आपल्या पोरांना वेग खेळायची सवयच नाही. मग उपाय काय काढावा? ज्यांनी झोडपलं त्यांच्याच देशातून चार वेगवान गोलंदाज १९६२-६३ च्या मोसमासाठी बोलावले. रॉय गिलख्रिस्ट हैदराबादला, चेस्टर वॉटसन दिल्लीला, लेस्टर किंग बंगालला आणि स्टेयर्स मुंबईला. जॉर्जटाऊनचा हा गडी त्याच १९६२ च्या मालिकेत आपल्याविरुद्ध चार कसोटी खेळला होता. त्या चारच त्याच्या कसोटी. पुढे एकही नाही. म्हणजे वेस्ट इंडिजच्या संघातही तो पाहुणाच आणि मुंबईच्या संघातही.

त्या मोसमात रणजी करंडक मुंबईनेच जिंकला, अंतिम सामन्यात राजस्थानला हरवून. ओळीने पंधरा वेळा जिंकला त्यातला तो पाचवा. आमच्या चाळीतले एक काका स्टेयर्सचं नाव घरातलं माणूस असल्यासारखं घ्यायचे. त्याने बळी किती घेतले, असं विचारलं की मात्र विषय मॅटिंगवर न्यायचे. आता स्टेयर्स मुंबईचा की नाही? माझ्या मते शंभर टक्के मुंबईचा. मुंबईच्या टोपीत मैदानावर उतरला, मुंबईसाठी घाम गाळला, करंडक मुंबईच्या कपाटात आला. भाषा, गाव, रेशनकार्ड यांचा इथे संबंध काय?

१९५८-५९ ते १९७२-७३ या पंधरा विजयांबद्दल बोलताना लोक मोठी नावं घेतात आणि थांबतात. त्यातलं सगळ्यात कठीण करंडकाचं वर्ष कुठलं, तर माझ्या मते १९७०-७१. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर, अशोक मांकड, हे पाचही जण त्या वेळी वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर. तिकडे गावसकरने चार कसोटींत ७७४ धावा केल्या, सरदेसाईने ६४२, आपण पहिल्यांदा तिथे मालिका जिंकली, आणि अख्खी मुंबई ट्रान्झिस्टरला कान लावून बसली. इकडे ब्रेबॉर्नवर त्याच मोसमात सुधीर नाईकच्या नेतृत्वाखाली उरलेल्या मुंबईने महाराष्ट्राला ४८ धावांनी हरवून रणजी जिंकला. उरलेल्या मुंबईने! फलंदाजीचा सगळा कणा काढून घेतलेला, आणि तरी करंडक घरीच.

पुढच्या मोसमाची सुरुवात झाली तेव्हा दौऱ्यावरचे सगळे परत आले होते. करंडक जिंकून देणाऱ्या कर्णधारालाच पहिल्या सामन्यात जागा उरली नाही. यात निवड समितीला मी शिव्या देणार नाही. गावसकरला काढणार होतात की सरदेसाईला? सुधीर नाईक पुढे तीन कसोटी खेळले, एजबॅस्टनला पदार्पणातच ७७ धावा केल्या, नंतर वानखेडेची खेळपट्टी सांभाळली आणि २०११ च्या विश्वचषकाची अंतिम फेरी त्याच खेळपट्टीवर झाली. ते एप्रिल २०२३ मध्ये गेले तेव्हा बातम्यांत १९७०-७१ चा उल्लेख एखाददोन ओळींत आटोपला. त्यांचं निदान नाव तरी आलं. त्या मोसमात मधल्या फळीत ज्यांनी पाचांच्या जागा भरल्या, त्यांच्यातले काही पुढच्या वर्षी परत कांगा लीग आणि ऑफिसांच्या टाइम्स शील्डमध्ये गेले. ऑफिसात सही करून दुपारी नेट्सला, शनिवारी-रविवारी मॅच. कट्ट्यावरच्या खेळात भाव असतो तो यांना.

माझे वडील मिलमध्ये बदली कामगार होते. सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं. साच्यावरचा कुणी कायम माणूस आला नाही, तर आत घ्यायचे. नाही घेतलं तर परत शिवडीला, घरी. अशी वर्षं गेली, मग कुठे कायम झाले. कापड मात्र रोज निघत होतं, कारण गेटवर कुणीतरी उभं असायचंच. मुंबईचं क्रिकेट याच हिशेबावर चाललं, असं मी कट्ट्यावर म्हटलं तेव्हा कंडक्टर म्हणाला, “तुझा बाप क्रिकेट खेळला असता तर बारावा गडीच राहिला असता.” राहिला असताच. आणि मुंबईचा बारावा गडी दुसऱ्या कुठल्याही राज्याकडून पहिल्या चारांत आला असता, हे त्या काळी कोणीही शेंबडं पोर सांगायचं.

पद्माकर शिवलकरांबद्दल पुष्कळ लिहून झालंय. ५८९ प्रथम श्रेणी बळी, एकही कसोटी नाही, भारतीय संघात तसाच डावखुरा फिरकी गोलंदाज बेदी आडवा आला. १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात चेपॉकवर त्यांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले, सामना तिसऱ्या दिवशी खेळ सुरू होताच दुसऱ्या चेंडूवर संपला. मार्च २०२५ मध्ये ते गेले, सगळ्या वर्तमानपत्रांनी चांगलं लिहिलं. पण मला नेहमी प्रश्न पडतो तो वेगळाच. शिवलकर १९६१-६२ मध्ये आले आणि मधल्या खंडासकट १९८७-८८ पर्यंत खेळले. एवढ्या काळात मुंबईत डावखुरे फिरकी गोलंदाज काय जन्मालाच आले नाहीत? शिवाजी पार्कात, आझाद मैदानात, माटुंग्याला, आमच्या परळ-शिवडीच्या बाजूला कितीतरी पोरं डाव्या हाताने चेंडू वळवत होती. बेदी शिवलकरांच्या वाटेत होता, तसे शिवलकर या सगळ्यांच्या वाटेत होते. त्यांपैकी कुणाला शिवलकरांच्या दुखापतीमुळे एखादा सामना मिळाला असेल, तर तो सामना त्या माणसाच्या आयुष्यातला सण होता. त्या सामन्यात त्याला बळी मिळाला नसेल तरीसुद्धा.

मुंबईकडून एक सामना खेळणं किती अवघड होतं, हे बाहेरच्याला कळत नाही. कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात चालते. पिच उघडं, ओलं. आउटफिल्डचं गवत पोटरीपर्यंत. जमिनीवरून मारलेला चेंडू दहा पावलांवर रुतून बसतो, म्हणून चेंडू उचलून मारावा लागतो, आणि उचलला की झेल. चौकारासाठी मारलेला फटका गवतात अडकला, चार क्षेत्ररक्षक चेंडू शोधतायत आणि फलंदाज पळून पळून दमलेत, असं मी स्कोअरबुकात तीन धावा म्हणून लिहिलेलं आहे. त्याच दिवशी तंबूत चहाबरोबर आलेले बटाटेवडे कोणी पळवले याची चौकशी मात्र अधिक गंभीरपणे व्हायची. या चिखलातून निघून, ऑफिसच्या टाइम्स शील्डमधून, निवड चाचणीच्या सामन्यातून पोरगा मुंबईच्या संभाव्य खेळाडूंत पोहोचायचा. मग पंधरांत. मग पाणी घेऊन जायचं. मग एक दिवस कुणाचं तरी बोट मोडायचं.

आता आयपीएल. मुंबई इंडियन्सवर माझा जीव आहे असं म्हणणार नाही. नातवाचा आहे, म्हणून मीही बघतो. इथेही कट्ट्यावरचा खेळ चालतो, आणि नातू मोठमोठ्यांना हरवतो. ग्रॅहम नेपियर, इसेक्सचा, ट्वेंटी-२० त नाबाद १५२ करून आला आणि २००९ मध्ये मुंबईकडून एकच सामना खेळला. मोहम्मद अशरफुल, त्याच वर्षी, तोही एकच. रिचर्ड लेव्हीने फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध नाबाद ११७ ठोकल्या, लगेच मुंबईने घेतला, एक मोसम आणि राम राम. फिल ह्यूज २०१३ मध्ये संघात होता, एकही सामना मिळाला नाही. पुढच्याच वर्षी सिडनीत चेंडू लागून गेला. आणि २०१२ मध्ये एक मुंबईकर पोरगा मुंबईकडून एक सामना खेळला, शून्यावर बाद झाला. त्याचं नाव सूर्यकुमार यादव. २०१८ मध्ये तो परत आला नसता, तर आमच्या खेळात त्याला आज चांगला भाव मिळाला असता.

पण आयपीएलमधलं माझं सगळ्यात आवडतं नाव अल्झारी जोसेफ. पुन्हा वेस्ट इंडिजचा, पुन्हा दुसऱ्याच्या जागी आलेला. २०१९ मध्ये ॲडम मिल्न दुखापतीमुळे बाहेर पडला म्हणून याला बोलावलं आणि मलिंगा मायदेशी स्थानिक स्पर्धा खेळायला गेला म्हणून याला उतरवलं. ६ एप्रिलला हैदराबादेत मुंबईच्या अवघ्या १३६ धावा झाल्या होत्या. जोसेफच्या आयपीएलमधल्या पहिल्याच चेंडूवर डेव्हिड वॉर्नरची बेल्स उडाली. १२ धावांत ६ बळी. सोहेल तन्वीरचा २००८ पासूनचा विक्रम मोडला, हैदराबाद ९६ वर गारद. आठवड्याभरात वानखेडेवर चौकार अडवताना त्याचा खांदा निखळला. तीन सामने आणि खेळ खल्लास.

आता हा हिशेब बघा. त्या वर्षी साखळीत मुंबई, चेन्नई आणि दिल्ली तिघांचे १८ गुण झाले. धावगतीवर मुंबई पहिली आली. हैदराबादचा तो सामना मुंबई हरली असती तर १६ गुणांवर तिसरी राहिली असती आणि एलिमिनेटर खेळावी लागली असती, जिथे हरलं की घरी. पहिल्या दोघांत असल्यामुळे चेन्नईला क्वालिफायरमध्ये हरवून थेट अंतिम फेरी. १२ मे रोजी त्याच हैदराबादच्या मैदानावर एका धावेने जिंकली. शेवटच्या चेंडूवर मलिंगाने शार्दुल ठाकूरला पायचीत केलं, हे सगळ्यांना पाठ आहे. करंडक हातात घेतलेल्या त्या फोटोत जोसेफ नव्हता, खांद्यावर उपचार घेत होता. नातू म्हणतो, “आजोबा, त्याला मेडल मिळालं का?” मी म्हटलं, तू मोठा झालास की मुंबई इंडियन्सला पत्र लिही.

आणि प्रवीण तांबे? मुंबईच्या मैदानांत आयुष्य घासलेला लेगस्पिनर, ऑफिस क्रिकेट खेळणारा. एकही रणजी सामना न खेळता २०१३ मध्ये ४१ व्या वर्षी राजस्थान रॉयल्सने त्याला आयपीएलमध्ये उतरवलं. त्यानंतर, त्याच वर्षाच्या डिसेंबरात, मुंबईने त्याला रणजीत घेतलं. म्हणजे आपल्या दारातलं सोनं जयपूरवाल्यांनी ओळखलं तेव्हा कुठे आपल्याला दिसलं. त्याच्यावर सिनेमा निघाला, श्रेयस तळपदेने काम केलं. नाहीतर तोही कट्ट्यावरच राहिला असता. असे दहा तांबे सिनेमाशिवाय राहिले असणार, हे स्कोअरर म्हणून मी लिहून देतो.

तर माझी मागणी. १९३४-३५ पासून, म्हणजे एल. पी. जय यांच्या त्या पहिल्या विजेत्या संघापासून, मुंबईकडून एक तरी रणजी सामना खेळलेल्या प्रत्येकाचं नाव वानखेडेच्या भिंतीवर लावा. जानेवारी २०२५ मध्ये वानखेडेच्या सुवर्णमहोत्सवात मुंबई क्रिकेट असोसिएशनने (एमसीए) १९७४ साली तिथे पहिला प्रथम श्रेणी सामना खेळलेल्या मुंबई संघातल्या हयात खेळाडूंचा सत्कार केला होता. गावसकर, घावरी यांच्यासोबत राकेश टंडन आणि एकच कसोटी खेळलेले अजित पै हेही होते. चांगली सुरुवात होती. ती एका सामन्यापुरती का राहावी?

कोणी म्हणेल, हे सगळं इंटरनेटवर मिळतं. मिळतं. वाडेकरांचे आकडेही मिळतात, तरी स्टँडला नाव दिलंच ना? कोणी म्हणेल, एका सामन्याला एवढं काय? त्याने एकदा कांगा लीगच्या गवतात येऊन दाखवावं. आणि नावं काहीशे होतील, भिंतीवर मावणार नाहीत, असं म्हणणाऱ्याने वानखेडेच्या भिंतींवर आज ज्यांच्या जाहिराती आहेत त्यांची यादी करून बघावी.

नावं पदार्पणाच्या क्रमाने लावा. आद्याक्षरांनी नकोत आणि धावांच्या क्रमाने तर मुळीच नकोत. नावापुढे आकडे लिहू नका. ज्याला हवेत तो मोबाइलवर बघेल. मराठीत लिहा. कर्णधार असला तरी अक्षर मोठं करू नका. बाहेरून आलेल्यांना वेगळ्या रकान्यात टाकू नका. स्टेयर्स १९६२-६३ मध्ये आला, तर त्या वर्षी आलेल्या इतर पोरांच्याच ओळीत. फक्त ते नाव ‘स्टेयर्स’ लिहायचं की ‘स्टेअर्स’, यावर कट्ट्यावर अजून एकमत नाही. एमसीएच्या सर्वसाधारण सभेत निवडणुकीची भांडणं उरकून अर्धा तास उरला, तर तेवढं ठरवून घ्या.